देशागणिक बदलणारा नोकरीचा अर्ज : बहुदेशीय भरतीच्या एका संगणकप्रणालीचे परीक्षण

पुण्यात मुख्य कार्यालय आणि अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स व जपान येथे छोट्या शाखा असलेल्या एका अभियांत्रिकी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात मी काम करते. भरतीसाठी आम्ही वार्षिक वर्गणीवर एक परदेशी संगणकप्रणाली वापरतो. जाहिरात लिहिणे, अर्ज स्वीकारणे, चाळणी लावणे, मुलाखती ठरवणे आणि नकार किंवा नियुक्तीपत्र पाठवणे ही सगळी कामे तिच्यातून होतात. करारातील एका कलमानुसार तिच्याविषयी नावानिशी जाहीर लिहिता येत नाही, म्हणून नाव देत नाही. मात्र या वर्गातील बहुतेक प्रणाली हल्ली ‘देशनिहाय कायद्यांचे पालन’ याच मुद्द्यावर विकल्या जात असल्याने येथील निरीक्षणे इतर प्रणाली तपासतानाही कामी यावीत. आमच्या खरेदीचे मुख्य कारणही तेच होते. पद कोणत्या देशातले आहे हे निवडले की त्या देशाच्या भेदभावविरोधी कायद्याप्रमाणे अर्जाचा नमुना, जाहिरातीची भाषा आणि पत्रव्यवहार आपोआप बदलतो, असे विक्रेत्याने सांगितले होते. ते बऱ्याच अंशी खरे निघाले. कुठे खरे निघाले नाही, हे पुढे सविस्तर येईलच.

अमेरिकेचा विभाग हा या प्रणालीचा सर्वांत मुरलेला भाग आहे, आणि त्याचे श्रेय प्रणालीपेक्षा तिथल्या जुन्या कायद्याला अधिक जाते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या कारणांवरून नोकरी नाकारण्यास मनाई केली. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना तो लागू होतो. १९६७ मध्ये चाळिशी आणि त्यापुढील वयाच्या लोकांना, तर १९९० मध्ये अपंग व्यक्तींना वेगळ्या कायद्यांनी संरक्षण मिळाले. या साऱ्याचा अर्क प्रणालीच्या अमेरिकी अर्जात उतरला आहे. तिथे जन्मतारीख नाही, छायाचित्र नाही, वैवाहिक स्थिती नाही आणि राष्ट्रीयत्वही नाही. त्याऐवजी दोनच प्रश्न आहेत : अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आपल्याला आहे का, आणि आता किंवा पुढे कधी व्हिसासाठी कंपनीच्या प्रायोजकत्वाची गरज भासेल का. एच-वन-बीच्या वाटेने गेलेल्या मराठी मुलामुलींना हे दोन प्रश्न पाठ असतात. माणूस कुठला हे न विचारता त्याला कामावर घेता येईल का एवढेच विचारायचे, या कसरतीतून ते जन्माला आले आहेत.

पदवीच्या वर्षाचा बारकावा मला विशेष आवडला. जन्मतारीख काढून टाकली तरी पदवी १९९४ ची आहे हे दिसले की वय कळतेच, त्यामुळे अमेरिकी नमुन्यात पदवीचे वर्ष चाळणी करणाऱ्याच्या पडद्यावर झाकलेले असते. अपंगत्वाची हाताळणीही तितकीच नेमकी आहे. आमच्या क्षेत्रीय सेवा अभियंत्याला मोजमापाच्या उपकरणांची जड पेटी उचलून न्यावी लागते. जाहिरात तयार करताना सहकाऱ्याने ‘पाठीचा त्रास नसावा’ असे वाक्य घातले, तेव्हा प्रणालीने ते लाल करून पर्याय सुचवला : ‘पंचवीस किलो वजनाची पेटी, आवश्यक त्या साहाय्यासह किंवा साहाय्याविना, उचलून नेता येते.’ म्हणजे विचारायचे ते कामाविषयी, शरीराविषयी नव्हे. वैद्यकीय तपासणीचे कलमही सशर्त नियुक्तीपत्र गेल्याशिवाय उघडत नाही, आणि उघडले तर त्या पदावर येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडते. एकट्यादुकट्याला तपासणीला पाठवण्याची सोयच नाही. तिथला कायदा नेमके हेच सांगतो.

अर्जाच्या शेवटी वंश, लिंग इत्यादी माहिती विचारणारे एक ऐच्छिक पान येते. भारतातून पहिल्यांदा अर्ज करणारा उमेदवार तिथे हमखास थबकतो, कारण जे विचारायला बंदी आहे असे ऐकले तेच येथे विचारलेले दिसते. पण ही उत्तरे वेगळ्या कप्प्यात जातात, निवड करणाऱ्याला ती दिसत नाहीत आणि त्यांची फक्त बेरीज होते. शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी मालकांना तिथे मनुष्यबळाचा वंश व लिंगनिहाय तक्ता दरवर्षी सरकारला द्यावा लागतो. या बेरजेवर प्रणालीचा ‘चार-पंचमांश’ इशारा चालतो. समजा पुरुष अर्जदारांपैकी साठ टक्के पुढच्या फेरीत गेले आणि स्त्रियांपैकी तीसच टक्के, तर दोहोंचे गुणोत्तर ०.५ येते. ते ०.८ च्या खाली गेले की पडद्यावर पिवळी पट्टी येते. हा निकष १९७८ च्या संघीय मार्गदर्शक तत्त्वांमधून घेतलेला आहे. त्यामागे १९७१ चा ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा खटला आहे. नॉर्थ कॅरोलायनातील या वीज कंपनीच्या केंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर विभागात घेतले जाई. कायदा अमलात आला त्याच सुमारास कंपनीने इतर विभागांसाठी बुद्धिमापन चाचण्यांची अट घातली. माध्यमिक शिक्षणाची अट होतीच. कामाशी या अटींचा संबंध दाखवता आला नाही, तेव्हा हेतू काहीही असो, परिणाम भेदभावाचा होत असेल आणि कामाची गरज सिद्ध होत नसेल तर अशी अट बेकायदा, असा एकमुखी निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. ‘आम्ही कुणाचा द्वेष करत नाही’ हे उत्तर तिथे पुरत नाही ते या निकालामुळे, आणि म्हणूनच तिथल्या भरतीत प्रत्येक अटीपुढे ‘ही कशासाठी?’ हा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते या प्रणालीतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच पिवळी पट्टी आहे. तिच्यामुळे आमच्या एका पदासाठीची ‘सलग आठ वर्षे अनुभव’ ही अट ‘एकूण आठ वर्षे’ अशी झाली, कारण ‘सलग’ या शब्दाला कामाचा कोणताही आधार सापडला नाही.

राज्यांचे कायदेही बऱ्यापैकी सांभाळले आहेत. न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून मागील पगार विचारण्यास मनाई केली, तर कोलोरॅडोने २०२१ पासून जाहिरातीत पगाराचा पट्टा देणे सक्तीचे केले. पद घरून करण्याजोगे असेल तर प्रणाली या साऱ्या राज्यांतील सर्वांत कडक नियम लावते. मात्र अद्ययावतपणाच्या बाबतीत माझी तक्रार आहे. संघीय कंत्राटदारांवर सकारात्मक कृतीची, म्हणजे मागे राहिलेल्या गटांना नोकरीत संधी मिळावी म्हणून मुद्दाम प्रयत्न करण्याची, जबाबदारी टाकणारा १९६५ चा अध्यक्षीय आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला, तरी त्यावर आधारलेला परिच्छेद जाहिरातीच्या साच्यात दीर्घकाळ तसाच राहिला. आम्ही कंत्राटदार नसल्याने आमचे काही बिघडले नाही. पण कोणता नियम केव्हा तपासला याची तारीख साच्यावर कुठेच नसणे, ही कायद्याच्या पालनावर पैसे घेणाऱ्या सेवेतील मोठी उणीव आहे.

ब्रिटनचा विभाग साधा आणि पुरेसा आहे. २०१० च्या समता कायद्यात नऊ संरक्षित वैशिष्ट्ये आहेत आणि त्याच्या साठाव्या कलमानुसार नियुक्तीचा देकार देण्याआधी प्रकृतीविषयी प्रश्न विचारता येत नाहीत. अपवाद मोजके आहेत, जसे की मुलाखतीसाठी काही साहाय्य हवे का हे विचारणे. प्रणाली तेवढाच प्रश्न ठेवते. दोन उमेदवार खरोखर समान पात्रतेचे असतील तर कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटातील उमेदवाराला झुकते माप देण्याची मुभा कलम १५९ देते, पण त्यासाठीची नोंद कशी ठेवावी याचे मार्गदर्शन प्रणालीत नाही. जात हा शब्द तिथल्या नमुन्यात कुठेही येत नाही. मात्र घरकामगार स्त्रीच्या तिर्की विरुद्ध चंढोक या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये जात ही वांशिक मूळ या संज्ञेत येऊ शकते असे म्हटले आहे. त्यामुळे लंडन किंवा मँचेस्टरच्या पदासाठी पुण्यात बसून मुलाखत घेणाऱ्याने ‘मूळचे कुठले, म्हणजे कोणाचे?’ असे सहज विचारणे तिथे महागात पडू शकते. विक्रेत्याच्या प्रशिक्षणफितीत याचा उल्लेख नाही, आणि आमच्यासारख्या ग्राहकांना सगळ्यांत आधी हवा होता तो नेमका हाच उल्लेख.

जर्मनीकडे वळल्यावर प्रणालीचा सूर बदलतो. २००६ च्या सर्वसाधारण समान वागणूक कायद्यानुसार नाकारलेल्या उमेदवाराला नकार हाती पडल्यापासून दोन महिन्यांत दावा मांडता येतो. भेदभाव नसता तरीही ज्याची निवड झाली नसती, अशा उमेदवारालाही तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मिळू शकते. शिवाय भेदभाव सूचित करणारी खूण उमेदवाराने दाखवली की भेदभाव झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो, आणि अशी खूण बहुधा जाहिरातीतच सापडते. ‘तरुण, उत्साही चमू’ हे शब्द वयावरून भेदभावाची खूण ठरू शकतात, असे तिथल्या संघीय श्रम न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले. आपल्याकडे ‘यंग अँड डायनॅमिक टीम’ लिहिल्याशिवाय जाहिरात पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही, त्यामुळे पुण्यात लिहिलेल्या मजकुरावर प्रणालीने या जागी वारंवार खूण केली. पदनामापुढे कंसात पुरुष, स्त्री आणि अन्य यांची आद्याक्षरेही ती स्वतःहून घालते. २०१८ मध्ये जन्मनोंदणीत तिसरा पर्याय आल्यापासून तिथे ही प्रथा सर्वत्र रूढ झाली आहे.

या कायद्याचा एक परिणाम मात्र उमेदवाराच्या दृष्टीने खेदाचा आहे. जर्मन नकारपत्राचा साचा इतका गुळगुळीत आहे की त्यातून काहीच कळत नाही. ‘आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली असून आपल्याला शुभेच्छा’ एवढेच, आणि त्यात कारण जोडू लागले की प्रणाली कायदेशीर सल्ला घेण्यास सांगते. लिहिलेले प्रत्येक कारण उद्या पुरावा ठरू शकते, म्हणून मालक गप्प बसतात. युरोपीय न्यायालयाने २०१२ च्या मायस्टर खटल्यात असे म्हटले की नाकारलेल्या उमेदवाराला निवड कोणाची झाली हे कळण्याचा हक्क नाही, पण माहिती देण्यास पूर्ण नकार देणे ही बाब न्यायालय विचारात घेऊ शकते. या दोन टोकांच्या मधली वाट, म्हणजे कामाशी निगडित आणि पडताळता येईल असे छोटेसे कारण, प्रणालीने सुचवायला हवी होती. कागदपत्रांच्या मुदतीचे घड्याळ मात्र तिने उत्तम बसवले आहे. अमेरिकेतील अर्ज किमान एक वर्ष जपावे लागतात, तर जर्मनीत दाव्याची मुदत उलटली की व्यक्तिगत माहिती धरून ठेवण्याचे कारण उरत नाही आणि साधारण सहा महिन्यांत ती पुसण्याची रीत आहे. एकाच उमेदवाराने दोन्हीकडे अर्ज केला असता प्रणालीने दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवून जर्मन नोंद वेळेवर पुसली, हे मी स्वतः तपासून पाहिले.

फ्रान्समध्ये अमेरिकेतील तो ऐच्छिक तक्ता नाहीसा होतो. वांशिक मूळ नोंदवण्यावर तिथे १९७८ च्या माहिती-संरक्षण कायद्यापासून कडक निर्बंध आहेत आणि २००७ मध्ये संविधान परिषदेनेही वांशिक मुळावर आधारित आकडेवारीला विरोध नोंदवला. दुसरीकडे तिथल्या श्रमसंहितेत मनाई केलेल्या कारणांची यादी वीसच्या वर जाते आणि तिच्यात आडनाव व राहण्याचे ठिकाण यांचाही समावेश आहे. म्हणजे भेदभावाला मनाई सविस्तर, पण तो मोजण्याचे साधन तोकडे. चाचणी खात्यात मी दक्षिण आफ्रिकेचा विभाग उघडून पाहिला तर चित्र अगदी उलटे. तिथे १९९८ च्या रोजगार समता कायद्याखाली नियुक्त कर्मचाऱ्यांची वंशनिहाय नोंद ठेवणे ही ठरावीक मालकांची जबाबदारीच आहे, आणि मानसशास्त्रीय चाचणी वापरायची तर ती शास्त्रीयदृष्ट्या प्रमाण व पक्षपातरहित असल्याचे दाखवावे लागते. दोन्ही देशांचा उद्देश एकच असताना एकाने डोळे मिटून घ्यावेत आणि दुसऱ्याने मोजपट्टी हाती द्यावी, हा फरक त्यांच्या इतिहासांतून आला आहे, आणि प्रणाली तो निमूटपणे पाळते. माझा कल मोजपट्टीकडे आहे. फ्रान्सच्या पदांसाठी पिवळी पट्टी फक्त लिंगापुरती चालते, आणि बाकी आपण कसे वागतो आहोत हे आम्हाला कळतच नाही.

नाव झाकून अर्ज वाचण्याची सोयही फ्रान्सच्या संदर्भात विचार करायला लावते. पन्नास व अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांत निनावी अर्ज सक्तीचा करणारा कायदा तिथे २००६ मध्ये झाला, पण अंमलबजावणीचा आदेश कधीच निघाला नाही, आणि २०१५ मध्ये ती सक्ती काढून टाकण्यात आली. दरम्यान झालेल्या एका सरकारी प्रयोगात निनावी अर्जांमुळे स्थलांतरित घरांतील उमेदवारांचे नुकसानच झाल्याचे आढळले. प्रयोगात स्वेच्छेने सामील झालेले मालक मुळातच त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहणारे असावेत आणि नाव झाकल्यावर अर्जातील उणिवा समजून घेण्याचा आधार त्यांच्याकडून निघून गेला असावा, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्यामुळे झाकणे हा सर्वत्र रामबाण उपाय आहे असे विक्रेता म्हणतो ते मी मान्य करत नाही. पण ज्यांना नावावरूनच बाजूला सारले जाते त्यांच्यासाठी तो पहिला अडथळा तरी दूर करतो, आणि हे आपल्याला भारतात अधिक लागू आहे.

जपानचा विभाग छोटा असला तरी मला तो सर्वांत शिकवणारा वाटला. तिथल्या ठरावीक छापाच्या परिचयपत्रात छायाचित्र, लिंग, जोडीदार आणि आश्रितांची संख्या हे रकाने वर्षानुवर्षे होते. २०२० मध्ये तिथल्या मानक संस्थेने तो नमुना मागे घेतला आणि २०२१ मध्ये श्रम मंत्रालयाने दिलेल्या नव्या नमुन्यात लिंगाचा रकाना ऐच्छिक झाला, जोडीदार व आश्रितांचे रकाने गेले. प्रणाली हाच नमुना देते. शिवाय मुलाखत घेणाऱ्यासाठी मंत्रालयाच्या मार्गदर्शनावर आधारित अशी एक सूचनापट्टी येते : मूळ नोंदणीचे गाव विचारू नये, घरच्यांचा व्यवसाय विचारू नये, धर्म विचारू नये, आणि ‘आपल्याला आदरणीय वाटणारी व्यक्ती कोण’ किंवा ‘आवडते पुस्तक कोणते’ हेही विचारू नये. शेवटचे दोन प्रश्न आपल्याकडे मुलाखतीची सुरुवात म्हणून विचारले जातात. पण मूळ गावाच्या प्रश्नामागे बुराकू समाजाचा इतिहास आहे. पिढीजात धंद्यांमुळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या या समाजाच्या वस्त्यांची नावे असलेल्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या हे १९७५ मध्ये उघडकीस आले, आणि त्या विकत घेणाऱ्यांत दोनशेहून अधिक कंपन्या होत्या. गाव कळले की माणूस कळला, हा हिशोब मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही.

याच ठिकाणी भारताचा विभाग उघडावा. देश म्हणून भारत निवडला की प्रणालीचा सारा संयम संपतो. जन्मतारीख, छायाचित्र, लिंग, वैवाहिक स्थिती, वडिलांचे किंवा पतीचे नाव, मूळ गाव, धर्म, प्रवर्ग, करंट सीटीसी (सध्याचा एकूण वार्षिक पगार), एक्सपेक्टेड सीटीसी (अपेक्षित पगार) आणि नोटीस पिरियड असे सगळे रकाने साच्यात तयार असतात, आणि त्यांतील पहिले पाच मुळातच सक्तीचे म्हणून येतात. त्याच कंपनीची, त्याच स्वरूपाच्या पदाची श्टुटगार्टसाठीची जाहिरात ‘तरुण’ शब्दावर अडते आणि पुण्यासाठीची ‘वय ३० पर्यंत, पुरुष उमेदवारांस प्राधान्य’ अशी जाहिरात एकाही लाल रेषेशिवाय प्रसिद्ध होते. मी मुद्दाम चाचणी खात्यात ती लिहून पाहिली. विक्रेत्याच्या मदतकक्षाचे उत्तर नम्र होते : स्थानिक कायदा जेवढे मागतो तेवढेच आम्ही लावतो.

ते उत्तर कायद्याच्या कसोटीवरही अर्धवटच आहे. संविधानाचे कलम १६ धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आदींवरून भेदभावास मनाई करते ते सरकारी नोकरीत. खासगी मालकाला लागू होणारा एकच एक सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही, हे खरे. पण तुकड्यातुकड्यांनी बरेच आहे. भरतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि आता वेतन संहितेतही समान स्वरूपाच्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेद न करण्याची तरतूद आहे. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यानुसार समान संधीचे धोरण खासगी आस्थापनांनाही जाहीर करावे लागते. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याचे कलम नऊ भरतीतील भेदभावास कोणत्याही आस्थापनेला मनाई करते, आणि एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मात्र फौजदारी खटल्यात पुराव्याचे ओझे फिर्यादीकडे असते, आणि न आलेल्या फोनचा पुरावा आणायचा कुठून? जर्मनीतील भार-बदल किंवा अमेरिकेतील परिणामाची कसोटी आपल्या खासगी भरतीत नाही, त्यामुळे प्रणाली बनवणाऱ्यांना भारतासाठी पिवळी पट्टी लावण्याची गरज वाटली नाही. तरीही ‘पुरुष उमेदवारांस प्राधान्य’ या वाक्यावर खूण करण्याइतका आधार आपल्या कायद्यात आहे, आणि तो वाचण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही. अधिवासाच्या रकान्याची गोष्ट आणखी निराळी. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी ७५ टक्के राखीव जागांचा कायदा केला होता, तो तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द ठरवला. त्या काळासाठी घातलेला रकाना साच्यात अजून उभा आहे.

आडनावाचा प्रश्न सर्वांत अवघड. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, आणि फरक फक्त नावाचा होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला होकारार्थी प्रतिसाद मिळण्याची शक्यता त्यांच्या गणितात ०.६७ पट आणि मुस्लीम नावाच्या अर्जाला ०.३३ पट निघाली. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे पन्नास टक्के अधिक फोन आले होते. तरी भारतीय साच्यात नाव झाकण्याची सोय मूळ वर्गणीत येत नाही, ती वरच्या योजनेत वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. जिथे कायदा कडक आहे तिथे ती फुकट आणि जिथे तिची निकड सर्वाधिक तिथे तिला दाम, हा व्यवहार मला मुळीच पटला नाही.

पैसे भरून घेतल्यावरही काम अर्धेच होते. नावाच्या जागी क्रमांक दिसतो, पण ईमेलचा पत्ता तसाच राहतो आणि त्यात आडनाव असतेच. जोडलेल्या रेझ्युमेत शिष्यवृत्तीचे नाव, वसतिगृहाचे नाव, गाव आणि तालुका उघडे असतात. मराठी नावाची तीन पदरी रचना तर प्रणालीला अजिबात उमगलेली नाही. मधले नाव वडिलांचे की पतीचे, हे पदवीच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहिले की बाईचे लग्न झाले आहे की नाही हे एका नजरेत कळते. म्हणजे वैवाहिक स्थितीचा रकाना बंद केला तरी दार उघडेच. आम्ही स्वतःच भारतीय साच्यातून मधले नाव, मूळ गाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि छायाचित्र काढून टाकले आहे आणि ही माहिती, भविष्यनिर्वाह निधी वगैरेसाठी लागते तेवढीच, रुजू होताना घेतो. करंट सीटीसीही काढला. विभागप्रमुखांनी त्यावर बरीच कुरकुर केली, पण पदाचा पट्टा आधी ठरवावा लागल्याने पगाराची बोलणी उलट सोपी झाली. हे बदल करायला साच्यात मुभा आहे, ही प्रणालीची जमेची बाजू म्हणावी लागेल. बालसंगोपनासाठी नोकरी सोडलेल्या स्त्रियांच्या अर्जावर ‘करिअर गॅप’ अशी नारिंगी चिठ्ठी आपोआप चिकटते, ती मात्र भारतात बंद करता येत नाही. अमेरिकेच्या साच्यात ती चिठ्ठी मुळात नाहीच.

अर्जांना आपोआप गुण देणाऱ्या सुविधेविषयी थोडक्यात. न्यूयॉर्क शहराने जुलै २०२३ पासून अशा साधनांचे वार्षिक पक्षपात-परीक्षण आणि उमेदवाराला किमान दहा कामकाजाचे दिवस आधी सूचना देणे सक्तीचे केले आहे, आणि विक्रेता त्या परीक्षणाचा गोषवारा दाखवतो. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यातही भरतीची साधने उच्च-जोखमीच्या यादीत आहेत. ही सावधगिरी अनाठायी नाही. पंचावन्न व त्यापुढच्या स्त्रिया आणि साठ व त्यापुढचे पुरुष यांचे अर्ज आपोआप फेटाळणाऱ्या एका शिकवणी कंपनीला २०२३ मध्ये अमेरिकी समान संधी आयोगाशी ३ लाख ६५ हजार डॉलरवर तडजोड करावी लागली. आमच्या प्रणालीचे परीक्षण अमेरिकी अर्जदारांवर झालेले आहे आणि भारतीय नावे, भारतीय विद्यापीठे किंवा मराठी माध्यमाच्या शाळा यांवर ती कशी वागते याविषयी विक्रेत्याकडे कागद नाही. तो मिळेपर्यंत पुण्याच्या पदांसाठी आम्ही ती सुविधा बंद ठेवली आहे.

दराच्या मानाने पाहता, दोन किंवा अधिक परदेशी शाखांसाठी भरती करणाऱ्या कंपनीला ही प्रणाली घेण्यासारखी आहे. प्रत्येक देशात वकिलाला विचारत बसण्यापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते, आणि अमेरिका, जर्मनी व जपान या तीन विभागांवर झालेले काम खरोखर मेहनतीचे आहे. फक्त भारतात भरती करणाऱ्यांनी मात्र घेऊ नये. त्यांना तीच सोय साध्या ऑनलाइन अर्जात, नको ते रकाने वगळून, करता येते. नूतनीकरणाच्या बोलणीत आम्ही तीन मागण्या ठेवल्या आहेत : प्रत्येक देशाच्या साच्यावर शेवटच्या कायदेशीर तपासणीची तारीख, भारतासाठी नाव झाकण्याची सोय मूळ वर्गणीत, आणि नारिंगी चिठ्ठी बंद करण्याचा पर्याय. पहिली मागणी विक्रेत्याने मान्य केली आहे, तिसरीवर विचार चालू आहे, आणि दुसरीसाठी त्यांनी सवलतीचा दर देऊ केला आहे, जो आम्ही स्वीकारलेला नाही.